निकाल लागेपर्यंतचे आठवडे: प्रवेशाची अनिश्चितता कशी हाताळायची?

काठावर (प्रश्न)

प्रवेश परीक्षा झाली आहे. निकालाला पाच आठवडे, मग पसंतीक्रम भरायचा, मग फेऱ्या. शिवाय चार कॉलेजं अशी आहेत जिथे वेगळा अर्ज, निबंध आणि मुलाखत आहे, आणि त्यांचे निकाल वेगवेगळ्या तारखांना. उत्तरतालिकेवरून गुण काढले तर अगदी काठावर येतात. हव्या त्या शाखेचं मागच्या तीन वर्षांचं बघितलं तर एका वर्षी मिळाली असती, दोन वर्षी नसती.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शक्यता नीट मोजायची कशी? पसंतीक्रमात मिळण्यासारखं कॉलेज वर टाकावं असं सगळे सांगतात, ते बरोबर आहे का? आणि दिवसातून वीस-पंचवीस वेळा ग्रुप आणि वेबसाइट उघडली जाते, ते थांबवायचं कसं? "टेन्शन घेऊ नकोस" सोडून काहीही सांगा.

आकडेमोड (उत्तर)

कटऑफ या शब्दापासून सुरुवात करू, निम्मा घोळ तिथेच होतो. कटऑफ म्हणजे कॉलेजने आधी आखून ठेवलेली रेघ नव्हे. जागा भरत जातात आणि शेवटच्या जागेवर जो बसतो त्याचा आकडा कटऑफ म्हणून छापला जातो. यंदा रांगेत कोण कोण आहे, त्यांतले किती जण दुसरीकडे निघून जातात, जागा वाढल्या की घटल्या, यावर तो दरवर्षी सरकतो. त्यामुळे "गेल्या वर्षी इतक्याला बंद झालं" यावरून हो किंवा नाही काढता येत नाही. पट्टा काढता येतो.

तो असा काढ. गुण बाजूला ठेव, कारण पेपर सोपा-अवघड निघाला की त्यांचा अर्थ बदलतो. पर्सेंटाईलही फसवं असतं. ३ लाख उमेदवारांत ९८ पर्सेंटाईल म्हणजे तुझ्यापुढे साधारण ६,००० जण, तेच ४ लाखांत ८,००० जण. जागा तेवढ्याच असतील तर गेल्या वर्षी त्या पर्सेंटाईलला मिळालेली शाखा यंदा हुकू शकते. तेव्हा रँक घे. मागच्या तीन वर्षांत शेवटच्या फेरीत ती शाखा कितव्या रँकला बंद झाली ते लिही. आपल्याच प्रवर्गाचे, आपल्याच कोट्याचे आकडे घे. पहिल्या फेरीचे आकडे यात मिसळू नकोस. पुढे जागा सुटत जातात म्हणून पहिल्या फेरीचा आकडा बहुतेक वेळा जास्त कडक असतो. समज आकडे ४,२००, ५,१०० आणि ४,६०० असे आले. ४,२०० च्या बऱ्यापैकी आत असशील तर जवळपास पक्कं, ५,१०० च्या पुढे असशील तर नुसती आशा, आणि मधल्या ९०० रँकमध्ये नाणेफेक.

एक वर्ष हो, दोन वर्षं नाही, म्हणजे तू या मधल्या पट्ट्यात आहेस. इथून पुढे कितीही बघितलंस तरी पट्टा अरुंद होणार नाही. प्रेडिक्टर, म्हणजे रँक टाकली की कॉलेज सुचवणाऱ्या वेबसाइट, याच तीन-चार वर्षांच्या आकड्यांवर चालतात. पाच प्रेडिक्टर म्हणजे पाच मतं नव्हेत, एकच मत पाच वेळा ऐकणं आहे.

आता ती चार वेगळी कॉलेजं. प्रत्येक ठिकाणी २० टक्के शक्यता धरू. चार ठिकाणी मिळून ८० टक्के, असा हिशेब बरेच जण करतात. तो चूक आहे. चारही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे सुमारे ४१ टक्के. निदान एक होकार येण्याची शक्यता ५९ टक्के. पण हाही आकडा फुगलेला आहे, कारण चारही ठिकाणी तोच अर्ज, तोच निबंध, तीच तू. निबंध जमला असेल तर सगळीकडेच जमलेला असतो, फसला असेल तर सगळीकडे फसलेला. अर्ज चांगला असण्याची निम्मी शक्यता धर आणि तेव्हा दर कॉलेजात ३५ टक्के. उरलेल्या निम्म्यात दर कॉलेजात ५ टक्के. सरासरी तीच २० येते, पण निदान एक होकार मिळण्याची शक्यता ५९ वरून ५० वर उतरते.

याच गृहीतकांवर आणखी तशीच चार कठीण कॉलेजं जोडलीस तर ५० चे ६५ होतात. त्याऐवजी ९० टक्के खात्रीचं एकच कॉलेज जोडलंस तर ५० चे ९५. अर्ज वाढवायचे असतील तर ते खालच्या बाजूला वाढवावेत असं म्हणतात, ते यामुळे. मात्र खात्रीचं कॉलेज जावंसं वाटणारं हवं. जिथे जायचंच नाही ते यादीत धरून काळजी कमी होत नाही, नुसती यादी लांबते.

सरळरेघ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नियमपुस्तिकेत असतं. तिथे एवढंच शोध: जागा वाटताना आधी गुणवत्ता बघतात की आधी पसंतीचा क्रमांक?

आधी गुणवत्ता असेल तर काम असं चालतं. यादीतल्या पहिल्या विद्यार्थ्याला त्याची सर्वांत वरची शिल्लक जागा मिळते, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तुझी पाळी आली की तुझी यादी वरून खाली वाचली जाते. पहिली चार भरलेली असतील तर पाचवं मिळतं, आणि वर चार लिहिली म्हणून पाचव्यावरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. प्रत्येक कॉलेजची गुणवत्ता यादी वेगळी असली, पण वाटप गेल आणि शॅपली या गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीने विद्यार्थ्यांच्या बाजूने होत असलं (विद्यार्थी आपल्या यादीत वरून खाली विचारत जातो, कॉलेज जागा तात्पुरती देतं आणि वरचा कुणी आला तर बदलतं), तरी हेच लागू. तिथे खऱ्या आवडीचा क्रम बदलून कुणाचाही फायदा होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. (या विषयावरच्या कामासाठी शॅपली आणि रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) अशा पद्धतीत "मिळण्यासारखं वर टाक" हा सल्ला सरळ नुकसान करतो. ते वर टाकलंस तर तेच मिळेल, आणि खाली लिहिलेलं चांगलं कॉलेज तुझ्या रँकला रिकामं असूनही तुझ्याकडे येणार नाही.

आधी पसंतीचा क्रमांक असेल तर गोष्ट उलटी. ज्यांनी ते कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिलं त्यांच्यात आधी वाटप, उरलं तरच दुसऱ्या क्रमांकावर लिहिणाऱ्यांना. पहिली पसंती हुकली की दुसरं कॉलेज तोवर भरून गेलेलं असू शकतं. बॉस्टन शहरातल्या सरकारी शाळांचे प्रवेश असे होत असत. नियम कळलेले पालक डावपेच लढवत आणि भाबडेपणाने खरा क्रम लिहिणाऱ्यांची मुलं मागे पडत. २००५ मध्ये तिथे ही पद्धत बदलली. सगळे देतात तो सल्ला फक्त या प्रकारात कामाचा आहे.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. यादीची लांबी मर्यादित असते तिथे सगळ्या जागा आवडत्या पण अवघड कॉलेजांनी भरून टाकणं ही पहिली. तिथेही क्रम खराच ठेवायचा, पण तळाशी दोन-तीन नक्की मिळणारी हवीत. दुसरी, जिथे कधीच जाणार नाही ते "असू दे" म्हणून खाली लिहिणं: तेच मिळालं तर पुढच्या फेरीतून बाहेर काढणारे नियम असू शकतात. तिसरी सर्वांत महागात पडते. काही प्रक्रियांत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या क्रमांकावर असंच कॉलेज लिहायचं की ते मिळाल्यावर दुसरं काही नको वाटेल.

फॉर्म लॉक करण्याआधी त्याची प्रिंट काढ आणि कोड नंबर दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घे. एकाच कॉलेजच्या दोन शाखांचे कोड एका अंकाने वेगळे असतात. तिथे चूक झाली तर सुधारायला जागा नसते.

शांतपाणी

वेबसाइट पुन्हा पुन्हा का उघडली जाते ते आधी बघ. उघडलं, "निकाल नाही" दिसलं, दोन मिनिटं बरं वाटलं. त्या दोन मिनिटांच्या बक्षिसामुळे हात पुन्हा तिकडे जातो, आणि मधली अस्वस्थता आपोआप ओसरते हे कधी कळतच नाही. त्यामुळे "बघायचं नाही" असा निश्चय टिकत नाही. वेळ ठरवलेली टिकते. अधिकृत वेबसाइट दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, आणि ती वेळ झोपण्यापूर्वीची नको. मेसेज आणि ईमेलच्या सूचना चालू ठेव म्हणजे काही चुकेल ही भीती उरणार नाही. ग्रुप म्यूट कर. तिथली "आतल्या गोटातली" बातमी खरी असेल तर ती अधिकृत पानावर येतेच.

काळजीसाठीही वेळ राखून ठेवता येतो. मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली ही रीत तपासली होती: रोज तीच जागा, तीच वेळ, अर्धा तास. दिवसभरात विचार आला की एका ओळीत टिपायचा आणि त्या अर्ध्या तासावर ढकलायचा. अर्धा तास सुरू झाला की ओळी वाचायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचं: याबद्दल आज काही करता येतं का? येत असेल तर काम आणि तारीख. येत नसेल तर "वाट पाहणे". पहिले चार-पाच दिवस ढकलणं जमत नाही, मग जमायला लागतं. पलंगावर बसून हे करू नकोस, पलंगाची सांगड काळजीशी बसते आणि झोप उडते.

पन्नास-पन्नास असताना सर्वांत जास्त त्रास होतो, हे तुझ्याच बाबतीत नाही. लंडनमध्ये २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्क्रीनवरच्या दगडाखाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका बसायचा. झटका नक्की बसणार हे ठाऊक असतानापेक्षा पन्नास टक्के शक्यता असताना लोकांचा ताण अधिक होता. तू नेमकी त्या पट्ट्यात आहेस, तेव्हा त्रास होतोय म्हणजे आपण कमकुवत आहोत असा अर्थ काढू नकोस.

कॅलिफोर्नियात वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्यांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी केला. काळजी दाबणं, जबरदस्तीने आशावादी राहणं या उपायांनी त्यांची तगमग फारशी कमी झाली नाही. उलट वाट पाहताना तगमगलेल्यांनी वाईट बातमी जास्त नीट पेलली. पुढच्या अभ्यासांत मदत करताना दिसली ती एक गोष्ट: पूर्ण गुंतून जाता येईल असं काम. नुसता मोबाईल चाळून ते होत नाही. काम थोडं अवघड हवं आणि आपण पुढे सरकतोय की नाही हे लगेच कळायला हवं. वाद्य, पोहणं, कोडिंग, शिवण, बुद्धिबळ, काहीही. रोज दीड-दोन तास.

आणि एक अगदी गंभीरपणे. दोन आठवडे झोप किंवा भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगूच नये असं वाटू लागलं असेल, तर निकालाची वाट पाहायची नाही. घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगायचं आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायचं. जीव नको वाटत असेल तर एकटं राहायचं नाही, तातडीची मदत घ्यायची.

काठावर

खूप आभार सगळ्यांचे. नियमपुस्तिका उघडली, आमच्याकडे आधी गुणवत्ता आहे. आता दोन प्रश्न उरले. त्या चारपैकी एका कॉलेजात प्रतीक्षा यादीत नाव आलं तर काय करायचं? आणि नाहीच झालं तर एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यायची का, हे आत्ताच ठरवावं का?

कागदपत्रवाला

प्रतीक्षा यादीत कितवा नंबर आहे यावरून काही कळत नाही. यादी किती हलते यावरून कळतं. कॉलेजं जागांपेक्षा जास्त होकार पाठवतात. जागा १०० आणि नेहमी निम्मे विद्यार्थी येत असतील तर होकार २०० जातात. यंदा निम्म्याऐवजी ४५ टक्केच आले तर ९० जागा भरतात आणि प्रतीक्षा यादीतून १० जागांची सोय करावी लागते. ५५ टक्के आले तर यादी हलतच नाही. म्हणजे तुझं भवितव्य दुसऱ्या लोकांच्या निर्णयावर आहे, तुझ्या अर्जावर नाही. काही कॉलेजं तर नंबरच लावत नाहीत, लागेल तसं निवडतात. मागच्या दोन-तीन वर्षांत यादीतून किती जण घेतले एवढं कार्यालयाला विचार.

करायचं ते थोडंच आहे. यादीत राहायचं असल्याचं मुदतीत कळव. अनेक ठिकाणी ते न कळवल्यामुळेच नाव गळतं. पत्र चालत असेल तर एकच पाठव, एका पानाच्या आत: अर्जानंतर काय नवीन घडलं आणि जागा मिळाली तर नक्की येणार का. दर आठवड्याला फोन केल्याने यादी पुढे सरकत नाही. आणि हातात असलेली दुसरी जागा मुदतीत स्वीकारून ठेव. प्रतीक्षा यादीच्या भरवशावर हातची जागा सोडणं, हीच या टप्प्यावरची सर्वांत मोठी चूक.

त्यासाठी आजच एक तक्ता कर. आडव्या ओळीत कॉलेजं. रकाने असे: निकालाची तारीख, जागा स्वीकारायची शेवटची तारीख, भरायची रक्कम, प्रवेश रद्द केल्यास पैसे किती आणि कोणत्या तारखेपर्यंत परत. शेवटचा रकाना लोक भरत नाहीत, आणि दोन तारखा एकमेकांवर आल्या की धावपळ होते. "अमक्याची स्वीकारायची मुदत ५ तारखेला, तमक्याचा निकाल ९ तारखेला" हे आधी दिसलं तर चार दिवसांची मुदतवाढ मागता येते. लेखी मागायची. काही ठिकाणी मिळते.

फेऱ्यांमध्ये मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, म्हणून कागद आत्ताच तपास. सगळ्या कागदांवर नाव अक्षरशः सारखं आहे का? दाखल्यांची वैधता प्रवेशाच्या दिवसापर्यंत आहे का? स्कॅन ठरलेल्या आकाराच्या मर्यादेत बसतात का, आणि बसवल्यावर शिक्का वाचता येतो का? फी शेवटच्या रात्री भरू नकोस. बँकेची दिवसाची ऑनलाइन मर्यादा फीपेक्षा कमी असली तर पैसे जात नाहीत, आणि मर्यादा वाढवल्यावर ती लागू व्हायला वेळ लागू शकतो. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस. व्यवहार क्रमांक घेऊन मदत कक्षाला लिही.

दुसरीबाजू

गॅपबद्दल: निर्णय निकालानंतर घे, पण निकष आत्ता लिहून ठेव. निकालाच्या संध्याकाळी कुणाचंही डोकं निकष ठरवण्याच्या स्थितीत नसतं. तेव्हा एक तर रागात "परत देणार" किंवा थकून "मिळेल ते घेणार" होतं.

निकष काढायला पेपर पुन्हा उघड आणि गेलेल्या गुणांचे तीन ढीग कर: येतच नव्हतं, येत होतं पण चूक झाली, वेळ संपला. पहिला ढीग मोठा असेल तर वर्षभराच्या अभ्यासाने गुण वाढायला खरोखर जागा आहे. दुसरा मोठा असेल तर वर्ष पुरेसं नाही, पद्धत बदलावी लागेल. तीच पुस्तकं, तेच वेळापत्रक पुन्हा केलं तर त्याच चुका पुन्हा होतात. तिसरा मोठा असेल तर वेळ लावून पूर्ण पेपर सोडवण्याचा सराव लागतो, आणि त्याला नेहमीच वर्ष लागत नाही. मग परीक्षा किती वेळा देता येते, वयाची अट आहे का, हातची जागा ठेवून पुन्हा बसता येतं का, हे नियम बघ. शेवटी एक ओळ लिही: "अमुक रँकच्या आत आले आणि या पाचपैकी काहीही मिळालं, तर गॅप नाही." खाली तारीख टाक आणि घरच्यांना दाखव.

तराजूत आणखी एक गोष्ट टाक. डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९७६ साली प्रवेश घेतलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांची पुढची कमाई तपासली. सारख्याच कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि सारखेच होकार-नकार मिळालेल्यांत, जास्त कठीण कॉलेजात गेलेले आणि तुलनेने सोप्या कॉलेजात गेलेले यांच्या कमाईत फारसा फरक दिसला नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र कठीण कॉलेजचा फायदा दिसला. एका देशातल्या एका पिढीचा हा आकडा आहे, तो जसाच्या तसा उचलू नये. पण "हे कॉलेज हुकलं की सगळं संपलं" या वाक्याला त्यात आधार सापडत नाही.

शांतपाणी

घरच्यांना दाखवायला हे वेगळं लिहिते. आई-बाबांनी "काही कळलं का?" हे विचारणं थांबवावं, कळलं की मुलगी सांगणारच आहे. प्रवेशाचं बोलणं आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, समोर तो तक्ता ठेवून. बाकी वेळी जेवताना हा विषय नाही. नातेवाईक आणि शेजाऱ्यांसाठी घरातल्या सगळ्यांनी एकच वाक्य ठरवावं: "प्रक्रिया चालू आहे, झालं की आम्हीच कळवू." "तुला मिळणारच" असं म्हणू नये. ऐकायला बरं वाटतं, पण नाही मिळालं तर मुलीला स्वतःच्या दुःखासोबत तुमचा अपेक्षाभंगही सांभाळावा लागतो.

निकालाच्या दिवशी वेबसाइट कोण उघडणार, खोलीत कोण असणार, हे तिने आधी ठरवावं आणि ते पाळलं जावं. त्या दिवशी स्क्रीनशॉट कुणालाही पाठवायचा नाही. मुदत त्याच दिवशी संपत नसेल तर पहिले चोवीस तास कुठलाही निर्णय नाही, फक्त तक्त्यातली पुढची तारीख मोठ्याने वाचायची आणि जेवायला बसायचं.

सरळरेघ

@काठावर, एक राहिलं. नियमपुस्तिका उघडलीच आहेस तर समान गुण असताना क्रम कसा लावतात ते कलमही वाच. काठावर असलेल्यांचे रँक तिथे बरेच पुढे-मागे होतात. कुठल्या विषयाचे गुण आधी धरतात हे कळलं की उत्तरतालिकेवरच्या हरकती नोंदवताना कोणत्या विषयाचे प्रश्न आधी तपासायचे ते ठरवता येईल. हरकतींची मुदत निकालाच्या आधीच संपते, आणि प्रत्येक हरकतीला शुल्क असू शकतं, म्हणून पुरावा हातात असलेल्याच टाक.